रॅम्पचं वजन

प्रिय दादा,

तू पाठवलेले अननस पोचले. एक विमानातच पिचला, त्याचा रस पिशवीतून गळत पार विमानतळावरच्या काउंटरखाली गेला आणि तिथल्या नोराइनीने मला फोन केला, "मावशी, लवकर या, तुमच्या गावाला मुंग्या लागायला लागल्यात." मी टॅक्सी करून गेले. येताना नेहमीच्या टॅक्सीवाल्याला एक फोड दिली, तर त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन थांबवली आणि दुसरी मागितली. इथल्या मिरी शहराच्या बाजारातले अननस नुसतेच पिवळे असतात, हे मी त्याला वर्षभर सांगत होते, त्याचा विश्वास बसत नव्हता. त्या काउंटरवर मला आणखीही एक गोष्ट कळली. त्या गोष्टीकडे मी येणारच आहे, पण जरा दमाने.

तू म्हणशील, हातात फोन असताना ही बया पत्र का खरडतेय. कारण फोनवर तू हसतोस. मी गंभीर काही बोलायला लागले की आधी खोकतोस, मग हसतोस, मग "नेटवर्क जातंय गं" म्हणतोस. अरे, मी सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये केली. लाइन आपली आपण गेली की समोरच्याने सोडली, एवढं मला कळत नसेल का? पत्रातून तुला असं सटकता यायचं नाही. उद्याच्या विमानाने हे वर पठारावर येईल. चुलीपाशी बसून वाच, आणि वहिनीला मोठ्याने वाचून दाखव. तिला दाखवलं नाहीस तर मला कळेल.

बाळाचे फोटो पाहिले. कान तुझे आलेत बिचाऱ्याला, पण हनुवटी आपल्या आईची आहे, तेव्हा निभावेल. इरावची, नवी नावं घ्यायच्या जेवणाची, तारीख ठरल्यापासून माझं कशात लक्ष नाही. तुमच्या रिनाईचं पहिलं मूल, म्हणजे सगळं पठार आपल्या लांबघरात जेवायला येणार आणि तुमची सगळ्यांची नावं बदलणार. रिनाई आणि जावई आईबापाची नावं घेतील, तू आणि वहिनी आजी-आजोबांची. लहानपणी तू आगान, रिनाई झाल्यावर मारान, आता काय घेतोयस देव जाणे. काहीतरी डोंगराएवढं घेशील आणि चार दिवसांनी स्वतःच विसरशील. माझ्या बरोबरीच्या सगळ्या बायका जुनी नावं मागे टाकून कधीच पुढे गेल्या. मी जन्मले तेव्हा सुपांग, शाळेत सुपांग, निवृत्त झाले तरी सुपांग. लग्न नाही, मूल नाही, म्हणून नाव नाही. रिनाईच्या जन्माचा इराव झाला, तेव्हा म्हाताऱ्या सिना उलुनने पानात बांधलेला भात माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "खा गं पोरी." मी तिशी ओलांडली होती दादा. ती प्रेमानेच म्हणाली. पण त्या दिवशी तो भात मी खाल्ला नाही, आणि हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

म्हणून रिनाईने घरात सगळ्यांसमोर जे सांगितलं, ते ऐकून मी फोन ठेवला आणि बराच वेळ रडले. "शाळेची सगळी वर्षं मी आत्याकडे राहिले, माझ्या वेण्या तिने घातल्या, माझ्या बाळाची ती आजीच आहे. तिला आजीचं नाव मिळणार नसेल तर मलाही आईचं नको." असं म्हणाली म्हणे! हा हट्टीपणा तिने कुणाकडून उचलला ते मी सांगायला नको. आणि मुखियांनीही मान डोलावली. आता नाव घ्यायला माणूस तिथे हजर पाहिजे, सगळ्या लोकांनी ते नाव मोठ्याने म्हणायला पाहिजे, तरच ते लागतं. मी कुठलं नाव निवडलंय ते सांगणार नाही. तेव्हाच ऐक.

वर यायचं ठरलं आणि मला सारखं माझं पहिलं विमान आठवायला लागलं. माझा ताप उतरला होता आणि पाय उठत नव्हते. बाबांनी मला पाठीवरच्या वेताच्या टोपलीत बसवलं, ज्या टोपलीतून एरवी शेतातलं भात यायचं. मला इस्पितळात न्यायला मिशनचं ते एवढंसं विमान गवतात उभं होतं आणि पायलट प्रत्येकाला तांदळाच्या काट्यावर चढवत होता. मला टोपलीसकट टांगलं, मग टोपलीचं वजन वजा केलं. बाबांनी विकायला नेलेल्या मिठापेक्षा मी हलकी भरले आणि लोक हसले. बाबाही हसले. मी टोपलीच्या भोकातून तुला शोधत होते. धावपट्टीवर म्हशी चरत होत्या आणि त्या हाकलायचं काम तुझ्याकडे होतं. तू गळा काढून रडत होतास, मला नेऊ नका म्हणून ओरडत होतास, आणि एकीकडे काठी घेऊन म्हशी हाकलत होतास. त्या तू हाकलल्या नसत्यास तर विमान उडालंच नसतं. इतक्या वर्षांत मी तुला कधी विचारलं नाही, तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं रे?

परत आले ती पायांत लोखंडी पट्ट्या घेऊन. त्या इस्पितळाच्या फरशीसाठी होत्या, आपल्या चिखलासाठी नव्हत्या. पहिल्याच दिवशी मी बांधावर रुतले आणि तू मला उपटून पाठीवर घेतलंस, ते शाळा संपेपर्यंत. नदीवरचा ओंडक्यांचा पूल आला की मी डोळे मिटायचे आणि तू मुद्दाम हलायचास. "पडलो, पडलो!" असं ओरडायचास आणि मी तुझे केस ओढायचे. तुझे पाढे मी पाठीवरून म्हणायचे, मास्तरांपर्यंत पोचेस्तोवर तुझे पाठ व्हायचे. पाऊस आला की केळीचं पान मी धरायचे, आपल्या दोघांवर एकच. अख्ख्या शाळेत सगळ्यांत उंच मी होते, कारण मी तुझ्यावर बसलेली होते. त्यासारखं सुख मला पुढे कशात मिळालं नाही, अगदी पहिल्या पगारात नाही की या घराची किल्ली हातात आली तेव्हाही नाही.

पण दादा, सात वर्षांच्या पोरीला उचलणं वेगळं आणि पन्नाशीच्या बाईला उचलणं वेगळं. हे मी आजवर बोलले नाही, कारण बोलले असते तर तुमच्या मायेला नाव ठेवल्यासारखं झालं असतं. मागच्या खेपेस मी वर आले तेव्हा विमानातून उतरवताना तू मला पाठीला धरलंस आणि जावयाने पाय धरले. "जपून रे, बूट पडला." "तिकडून घ्या, जड झालीय!" "हात खाली धर, हात!" सगळे एकमेकांशी बोलत होते, माझ्याशी कुणीच नाही. माझा झगा गुडघ्याच्या वर गेला होता आणि तो ओढायला माझे हात मोकळे नव्हते. खाली उतरलेल्या पर्यटकांतल्या एकाने फोटो काढला. हसून, अंगठा दाखवून. त्याला ते दृश्य फार गोड वाटलं असणार. खाली चाकांच्या खुर्चीत बसवल्यावर मी सगळ्यांचे आभार मानले. आभार मानायचा मला कंटाळा आलाय रे. लोक विमानातून उतरतात आणि नुसते चालायला लागतात, कुणाचेही आभार न मानता. मला तसं उतरायचंय.

म्हणून यंदा मी विमान कंपनीच्या मागे लागले. जीपचा रस्ता माझ्यासाठी नाही, हे तुला ठाऊक आहे. ओंडके वाहणाऱ्या गाड्यांनी उखडलेल्या त्या रस्त्यावर दिवसभर आपटत आले तर माझा मणका नावापुरताही उरायचा नाही. म्हणजे विमानच. तिथले सुहाइमीसाहेब पहिल्या फोनला म्हणाले, "बाई, विमान लहान आहे, समजून घ्या. तुम्हाला उचलणारं माणूस बरोबर आणा." मी म्हटलं, "बाकीच्या प्रवाशांना चढायला जिना लागतो, तो ते घरून आणतात का?" मग म्हणाले, "आमच्या माणसांना उचलायला मनाई आहे. कुणाची पाठ मोडली तर?" मी म्हटलं, "अगदी बरोबर. मलाही कुणी उचलायला नकोय. आपलं एकमत झालं, आता रॅम्प आणा." एक्सचेंजमधला माझा आवाज अजून शाबूत आहे, तो मी पुरेपूर वापरला. अपंग प्रवाशाला चढायला-उतरायला मदत देणं हे कंपनीचं काम आहे, त्यासाठी वेगळे पैसे मागता येत नाहीत आणि नाही म्हणता येत नाही, हा नियम सरकारचा आहे, माझ्या घरचा नाही. तो मी त्यांना इतक्यांदा वाचून दाखवला की शेवटी शेवटी तेच माझ्याबरोबर म्हणायला लागले.

घोडं अडलं ते वजनापाशी. मिरीच्या विमानतळावर कठड्यांचा, घडीचा एक रॅम्प आहे, पण वर आपल्याकडे काहीच नाही. म्हणजे तो माझ्याबरोबर विमानातून वर यायला हवा, आणि त्याचं वजन एखाद्या धट्ट्याकट्ट्या माणसाइतकं. आपल्या विमानात माणसापासून कोंबडीपर्यंत सगळं काट्यावर चढतं, तेव्हा रॅम्प घ्यायचा तर तेवढा माल खाली ठेवावा लागणार. त्यावर तीन महिने रवंथ झालं. पण झालं दादा, कबूल झाले! आणि नुसता माझ्यापुरता नाही, तो रॅम्प वर आपल्या धावपट्टीवरच ठेवायचं ठरलं. म्हातारा लियान आठव. साखरेने पाय गेल्यापासून तो पठारावरून खाली आलेला नाही. विचारलं की "मला कुठे जायचंय आता" म्हणतो. त्याला जायचं आहे, त्याचा मुलगा इथे मिरीत आहे. चौघांच्या खांद्यावरून जायचं नाहीये, एवढंच.

तर आता काउंटरवरची गोष्ट. अननसाची पिशवी माझ्या मांडीवर ठेवून नोराइनी म्हणाली, "मावशी, तुमच्या फेरीतून रॅम्प काढलाय, तुम्हाला माहीत आहे ना?" मला वाटलं ती थट्टा करतेय. मग तिने सांगितलं. तू परवा कंपनीला फोन केलास. "आमच्या गावात माणसं मेलेली नाहीत अजून. माझी बहीण मी उतरवतो, आजवर मीच उतरवलीय. ते लोखंड ठेवा तुमच्याकडे आणि त्याच्या जागी सरबताचे आणि बिस्किटांचे खोके चढवा, इरावला कमी पडतायत." सुहाइमीसाहेब आतून बाहेर आले. मुलीचं लग्न ठरल्यासारखे प्रसन्न दिसत होते. म्हणाले, "बघा बाई, तुमच्याच माणसांना नकोय, आम्ही काय करणार?" तीन महिने मी एकटी भांडले आणि माझ्याच भावाने मला सरबताच्या बाटल्यांवर विकलं.

मला तुझा राग आला. अजून आहे. पण घरी येऊन अननस चिरता चिरता मला तुझं म्हणणंही कळायला लागलं, आणि त्याचाच जास्त राग आला. आपल्याकडे भात लावायचा तर सगळं गाव, घर बांधायचं तर सगळं गाव, सुपांगला उचलायचं तरी सगळं गाव. रॅम्प मागवायचा म्हणजे गावातले हात थकले अशी दवंडी पिटल्यासारखं तुला वाटलं असेल. आणि इरावला पाहुण्याचा पेला रिकामा राहिला तर तू पुढची दहा वर्षं मान वर करून चालणार नाहीस. तू माझं काही वाईट केलंस असं तुझ्या स्वप्नातही आलं नसेल. उलट "बघा, माझी बहीण मला जड नाही" असं तुला सगळ्या जगाला सांगायचं असेल. हे सगळं मला समजतं. तरीही ते खोके उतरव.

आणि एक विचारायचं राहिलं. रिनाईला बाळंतपणासाठी मिरीला घेऊन आलास, आठवडाभर राहिलास आणि माझ्याकडे आला नाहीस. इस्पितळातून माझं घर टॅक्सीने दहा मिनिटांवर. मी रोज मासे आणून ठेवायचे, रोज शेजारणीला द्यायचे. तू फोनवर म्हणालास, "डॉक्टर सोडत नाहीत गं, उद्या बघू." रविवारी तरी येशील असं वाटलं होतं. दर खेपेस तू चर्चच्या पायऱ्या मला घेऊन चढतोस, सगळ्यांत पुढच्या बाकावर नेऊन बसवतोस आणि पाद्रीबाबांकडे बघून मिशीत हसतोस. त्या रविवारी मी नवा झगा घालून दारात बसून राहिले. मला वाटलं, नातवंड आलं, आता बहीण मागे पडली. मी मनात तुला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, वहिनी वाचतेय.

काल संध्याकाळी रागारागाने मी रिनाईला फोन लावला, तुझी तक्रार करायला, आणि मी बोलत असतानाच तिच्या तोंडून निसटलं. तिला रागावू नकोस. तुझ्या पाठीचं मला सगळं कळलंय दादा. मिरीला तू तिच्याबरोबर स्वतःलाही दाखवायला आला होतास, मणके झिजलेत, डॉक्टरांनी पाण्याची बादलीसुद्धा उचलू नका म्हणून सांगितलंय आणि सकाळी वहिनी तुझ्या पायांत मोजे घालते. म्हणून तू माझ्या दारात आला नाहीस. आलास तर उचलावं लागेल, आणि उचलता आलं नाही तर मला कळेल. आणि असा माणूस सगळ्या पठारादेखत मला विमानातून उतरवायला निघालाय, कारण "आजवर मीच उतरवलीय"! मी तुझ्या अंगावर पडले तर त्या दिवशी कुणाला कसलं नाव मिळणार, सांग ना. हे पत्र यासाठी लिहिलं. खोके तुझ्या घराच्या नावावर आहेत, तेव्हा कंपनी तुझंच ऐकेल, माझं नाही. हे वाचून झालं की फोन कर आणि सांग की सरबत राहू दे, रॅम्प चढवा. पाहुणे पाणी पितील. रॅम्प नसेल तर मी विमानात चढणार नाही, हे मी ठरवलंय, नाव गेलं तरी चालेल. आणि मग लोकांना "तिची तब्येत बरी नव्हती" असं सांगायचं नाही. माझी तब्येत उत्तम आहे. रॅम्प नव्हता म्हणून आली नाही, असं सांगायचं, मोठ्याने, सगळ्यांसमोर. पण तू तशी वेळ येऊ देणार नाहीस. तू पट्टीवर ये, हात रिकामे घेऊन ये. मी रॅम्पवरून माझी माझी उतरेन, माझे हात अजून तुझ्यापेक्षा मजबूत आहेत. लहानपणी पाठीवरून मी तुझी मानच बघितली, पुढे खुर्ची आली तर ढकलायला तू सदा मागे. आपण भाऊबहीण आयुष्यभर एका वाटेने गेलो आणि जाताना तुझा चेहरा मी एकदाही पाहिलेला नाही. यंदा पट्टीपासून घरापर्यंत तू माझ्या शेजारून चाल, हळूहळू, तुझ्या पाठीला झेपेल तसं. मला तुझ्याकडे बघत बघत घरी यायचंय.

तुझीच,
(आठवडाभर तरी अजून) सुपांग